आरव्हीच्या कप्प्यांची कुलपं: बदलायची कशी आणि किल्ल्यांचा जुडगा हलका करायचा कसा

अमेरिकेतल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडवर जा आणि आपल्या ट्रेलरच्या (म्हणजे गाडीमागे ओढायच्या आरव्हीच्या, चाकांवरच्या घराच्या) सामानाच्या कप्प्याची किल्ली नीट बघा. तिच्यावर बहुतेक ‘सीएच ७५१’ असं कोरलेलं असेल. शेजारच्या ट्रेलरच्या किल्लीवरही तेच सापडण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे त्यांची किल्ली तुमच्या कप्प्याला चालते आणि तुमची त्यांच्या. ही किल्ली दोन-चार डॉलरला ऑनलाइन कुणालाही मिळते, ओळखपत्र वगैरे कोणी मागत नाही. वर्षानुवर्षं आरव्ही कारखान्यांनी हे एकच कुलूप लाखो गाड्यांना बसवलं, कारण ते स्वस्त होतं आणि जुळणीच्या वेळी कुठली किल्ली कुठल्या गाडीची हा हिशेब ठेवावा लागत नव्हता.

इकडे आल्यावर नवा किंवा वापरलेला ट्रेलर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना पहिला धक्का बसतो तो हाच. त्यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे सगळी कुलपं काढून प्रत्येक ठिकाणी भारी कुलूप बसवायचं. माझं मत वेगळं आहे. कप्प्याचं दार म्हणजे पातळ फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये फोम. कुलूप कितीही मजबूत आणलं तरी पहार घालणाऱ्याला दार वाकवायला फार वेळ लागत नाही. तेव्हा ही कुलपं मुख्यतः दार प्रवासात बंद ठेवण्यासाठी आहेत, आणि येताजाता हात घालून बघणाऱ्याला अडवण्यासाठी. हे एकदा पटलं की काम सोपं होतं: जिथे किल्लीची गरजच नाही तिथली किल्ली काढून टाकायची, आणि जिथे गरज आहे तिथे एकाच किल्लीची कुलपं बसवायची.

भाड्याने घेतलेल्या आरव्हीत यातलं काहीही करू नका. नवी कोरी गाडी वॉरंटीत असेल तर आधी डीलरला विचारा.

आधी गाडीभोवती एक फेरी

हातात रंगकामाची चिकटपट्टी, पेन आणि फोन घ्या. प्रत्येक बाहेरच्या दारावर पट्टीचा तुकडा लावून क्रमांक टाका. कुलपाच्या तोंडावर काही कोरलं असेल तर ते टिपा, आणि कुठली किल्ली तिथे चालते तेही. साधारण ट्रेलरवर तुम्हाला इतकं तरी सापडेल: राहत्या जागेचं मुख्य दार (त्याला हँडलची एक आणि डेडबोल्टची, म्हणजे किल्लीने सरकणाऱ्या पक्क्या अडसराची, वेगळी अशा दोन किल्ल्या), पुढच्या बाजूला आरपार जाणाऱ्या मोठ्या कप्प्याची दोन दारं, पिण्याचं पाणी भरायची छोटी झडप, विजेची केबल बाहेर काढायची झडप, बाहेरच्या शॉवरची पेटी. मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही, असेल तर तळाशी सामानाच्या कप्प्यांची अख्खी रांग.

मग प्रत्येक दारासमोर उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: आत काय आहे आणि ते गेलं तर काय होईल?

केबलच्या झडपेआड केबलच असते, आणि मुक्कामी ती बाहेरच काढलेली असते. तिथे किल्ली नको. बाहेरच्या शॉवरलाही नको. पाणी भरायच्या झडपेला मात्र मी किल्ली ठेवतो. चोर पाणी नेत नाहीत, पण कॅम्पग्राउंडवर हुंदडणारी मुलं उघड्या भोकात काय घालतील सांगता येत नाही, आणि तेच पाणी आपण चहाला घेतो.

आरपार कप्प्याबाबत दोन गोष्टी नवख्यांच्या लक्षात येत नाहीत. एक, त्याची दोन्ही दारं एकाच पोकळीत उघडतात, त्यामुळे डाव्या बाजूला चांगलं कुलूप आणि उजवीकडे जुनं ठेवलं तर खर्च वाया. दुसरी जास्त महत्त्वाची. बऱ्याच ट्रेलरमध्ये हा कप्पा झोपायच्या खोलीतल्या पलंगाखाली असतो आणि पलंगाची फळी वर उचलली की कप्पा आतून दिसतो. तसं असेल तर कप्प्यात शिरलेला माणूस ती फळी ढकलून सरळ घरात येऊ शकतो. मुख्य दाराला भारी डेडबोल्ट आणि इथे मात्र जगजाहीर किल्ली, असं होऊ देऊ नका. फेरीत पलंग उचलून बघाच.

गॅसच्या टाक्यांच्या कप्प्याला कुलूप लावायचं नाही. वास आला किंवा आग लागली तर तुम्ही जागेवर नसलात तरी शेजाऱ्याला किंवा अग्निशामक दलाला तिथवर पोचून व्हॉल्व्ह बंद करता आला पाहिजे. त्या दाराला साधी फिरवायची खिटी पुरे.

कुलूप ओळखा

या दारांवरचं नेहमीचं कुलूप म्हणजे कॅम लॉक. ऑफिसच्या ड्रॉवरला आणि इमारतीतल्या टपालपेट्यांना असतं तेच. पुढे गोल तोंड, मागे आटे पाडलेला दंडगोल, त्यावर मोठा नट किंवा घोड्याच्या नालासारखी स्प्रिंगची क्लिप, आणि सगळ्यात मागे एका स्क्रूने बसवलेली पत्र्याची जीभ. या जिभेलाच कॅम म्हणतात. किल्ली पाव वळण फिरवली की जीभ चौकटीमागे जाऊन अडकते.

पण सगळीच दारं अशी नसतात. मोटरहोमच्या आणि मोठ्या फिफ्थ व्हीलच्या (पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडायच्या ट्रेलरच्या) कप्प्यांना ओढायचं पॅडल असतं. त्यामागे सळ्या किंवा फिरता हूक असतो आणि दार आपटलं की ते आपोआप बसतं. तिथे कॅम लॉक घालायचा प्रयत्न करू नका. पॅडलच्या मध्यावरचा किल्लीचा गाभाच बहुधा वेगळा बदलता येतो. त्यासाठी पॅडलच्या मागे लिहिलेलं उत्पादकाचं नाव शोधा आणि त्याच कंपनीचा गाभा मागवा. यापुढचं सगळं कॅम लॉकबद्दल आहे.

मोजमाप, इथे घाई नको

परत करावी लागलेली कुलपं बहुतेक मापाच्या गोंधळामुळेच परत गेलेली असतात. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम. नसेल तर पोलादी पट्टी चालेल, पण शिवणकामाच्या टेपने मोजू नका.

दाराचं भोक मोजा. बहुतेक ठिकाणी ते पाऊण इंचाचं, म्हणजे १९ मिलिमीटरचं असतं. मात्र ते पूर्ण गोल आहे की दोन बाजूंनी चपटं, हे बघा. चपट्या बाजू कुलपाला जागच्या जागी फिरू देत नाहीत. भोक पूर्ण गोल असेल तर किल्लीबरोबर अख्खं कुलूप फिरायची शक्यता असते. मग नटाखाली दात असलेला वॉशर लागतो.

मग दाराची जाडी. ही कुलपाजवळच मोजा, कारण कडेला रबरी पट्टीमुळे फसवं माप येतं. कुलपाच्या दंडगोलाची लांबी या जाडीवरून ठरते. बाजारात साधारण ५/८, ७/८, १ १/८ आणि १ ३/८ इंच या लांब्या मिळतात (१६, २२, २९ आणि ३५ मिलिमीटरच्या आसपास). ही लांबी तोंडाच्या कडेखालून मागच्या टोकापर्यंत धरतात, तोंड त्यात येत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे जुनं कुलूप काढून तेच मोजायचं, ते बरोबर बसत होतं असं गृहीत धरून. बसत नसेल, म्हणजे दार आधीपासूनच खडखडत असेल, तर जुन्या मापाची नक्कल करू नका.

शेवटचं माप जिभेचं. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंत लांबी, आणि जीभ सरळ आहे की मध्ये दुमडून मागेपुढे नेलेली. दुमड असेल तर ती किती आणि कुठल्या दिशेला हेही लिहा. दार बंद असताना जीभ जिथे टेकते त्या चौकटीची आतली कड कुलपाच्या मागच्या टोकापासून किती अंतरावर आहे, त्यावर ही दुमड अवलंबून असते. प्रत्येक दाराचा फोनवर आतल्या बाजूने फोटो काढा, एक कुलूप लावलेल्या स्थितीत आणि एक उघड्या. नंतर जीभ उलटी बसवल्याची शंका आली की हेच फोटो कामाला येतात.

काय विकत घ्यायचं

बिनकिल्लीच्या दारांसाठी अंगठ्याने फिरवायचं कॅम लॅच मिळतं. आकार, भोक, जीभ सगळं तेच, फक्त किल्लीच्या जागी फिरवायची मूठ. तुमची निम्मी दारं यावर भागतील. मोठ्या दाराला दोन कुलपं असतील तर एकाला किल्ली आणि दुसऱ्याला मूठ, असं केलं तरी पुरतं.

किल्लीच्या दारांसाठी ‘कीड अलाइक’ संच मागवा, म्हणजे सगळ्यांना एकच किल्ली. इथे एक बारकी अडचण आहे. एकाच कंपनीचे दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेले संच एकमेकांशी जुळतीलच असं नाही. त्यामुळे लागतील तेवढी सगळी कुलपं एकदमच घ्या, वर एकदोन जास्तीची घ्या, आणि किल्लीचा कोड घरी वहीत लिहून ठेवा. कोड अर्थातच ‘सीएच ७५१’ नसावा. स्वस्त संचांत बऱ्याचदा तोच येतो, म्हणून विकत घेण्याआधी वर्णन नीट वाचा.

नळीसारख्या गोल किल्लीची कुलपं साध्या चपट्या किल्लीपेक्षा बरी, कारण ती उघडायला वेगळं हत्यार लागतं. पण त्यांच्याबद्दल फार गैरसमज नको. अमेरिकेत सायकलींची महागडी नळीदार कुलपं साध्या बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडतात हे २००४ साली सगळ्या जगाला कळलं होतं. त्यानंतर रचना सुधारल्या, तरी आरव्हीसाठी विकली जाणारी स्वस्त कुलपं त्या सुधारणांपर्यंत पोचली असतील असं समजून चालू नका.

आणखी एक गोष्ट वर्णनात शोधा: किल्ली कुठल्या स्थितीत बाहेर येते. काही कुलपांत ती फक्त बंद स्थितीत निघते, काहींत दोन्ही स्थितींत. मुक्कामी आपण दिवसभर कप्पे उघडे ठेवतो, त्यामुळे दोन्ही स्थितींत निघणारी घ्या. नाहीतर किल्ली कुलपातच लटकत राहते आणि कोणाच्या तरी खांद्याला लागून वाकते.

जुनं काढणं

अवजारं थोडीच लागतात. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर, सरकता पाना, चिमटा, आणि सुटे भाग ठेवायला वाटी.

दार उघडं धरा आणि ते वर अडकवलेलं असेल तर खरंच अडकलंय का बघा, नाहीतर काम करताना डोक्यावर येतं. मागचा स्क्रू सोडवा, जीभ काढा. तिच्याखाली एक पातळ चकती असेल, एका बाजूला खाच असलेली. ही रोध-चकती. कुलूप किती आणि कुठल्या दिशेला फिरेल हे ती ठरवते, म्हणून ती कशी बसली होती याचाही फोटो घ्या. मग नट पान्याने सोडवा, किंवा क्लिप असेल तर ती चिमट्याने बाजूला ओढा. कुलूप पुढून अंगठ्याने ढकललं की बाहेर येतं. गंजून चिकटलं असेल तर गंज सोडवणारा फवारा मारून पाच-दहा मिनिटं थांबा. हातोडी नको, कारण फायबरग्लासला तडा गेला तर कुलपापेक्षा दार महाग पडतं.

किल्लीच नसेल आणि दार बंद असेल तर आधी ‘सीएच ७५१’ची एक किल्ली मागवून बघा. वापरलेल्या गाडीच्या बाबतीत बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो. तेही चाललं नाही तर कुलपाला ड्रिल लावावं लागतं. डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवा, कुलपाभोवती दारावर दोन थर चिकटपट्टी लावा आणि किल्लीच्या भोकाच्या मध्यावर आधी बारीक, मग पाव इंची बिटने हळूहळू आत जा. ही कुलपं जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असतात, बिट लवकर शिरतं. गाभा तुटला की स्क्रूड्रायव्हरने उरलेला भाग फिरवून जीभ सोडवता येते.

नवं बसवणं

भोकाची आतली कड बोटाने चाचपा. दाराचा गाभा लाकडाचा किंवा फोमचा असेल आणि कड उघडी असेल, तर तिथून पाणी मुरून पत्रा सुटायला लागतो. नवं कुलूप घालण्याआधी त्या कडेवर सिलिकॉनचा पातळ हात फिरवा आणि सुकू द्या. कुलपाबरोबर रबरी रिंग आली असेल तर ती तोंडाखाली घालायला विसरू नका. भोक थोडं मोठं करावं लागलं तर पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं ड्रिल बिट वापरा, पट्टी लावून आणि कमी वेगाने.

कुलूप पुढून घाला. सगळ्या दारांवर किल्लीचं भोक किंवा मूठ एकाच दिशेला येईल असं बसवा: बंद असताना आडवं, उघडं असताना उभं, किंवा उलट. मात्र सगळीकडे एकसारखं. हे शोभेसाठी सांगत नाही. निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारताना एखादी मूठ वेगळ्या दिशेला असेल तर ती दहा पावलांवरून डोळ्यात भरते. हातमोजे घालून, पावसात, अंधारात प्रत्येक दार ओढून बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मुठीच्या टोकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला तर आणखी सोपं.

नट हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा आणि मग पान्याने जेमतेम पाव वळण. जास्त आवळलं तर फोमचं दार चेपतं आणि त्या खळग्यात पाणी साचतं. रोध-चकती, मग जीभ, मग स्क्रू. स्क्रूच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा. रस्त्याच्या हादऱ्यांनी सगळ्यात आधी हाच स्क्रू सैल होतो आणि जीभ लोंबकळायला लागते. लाल लॉकटाइट मात्र नको, तो पुढे सहज सुटत नाही.

आता दार लावू नका. आधी दार उघडं ठेवूनच किल्ली घालून, फिरवून, काढून बघा. पुन्हा एकदा. जीभ बंद स्थितीत चौकटीच्या दिशेला येते ना, आणि किल्ली दोन्ही स्थितींत निघते ना? चकती चुकीची बसली असेल तर जीभ एकदा बंद होऊन परत उघडत नाही, आणि हे दार बंद केल्यावर कळलं तर थेट ड्रिलकडेच जावं लागतं.

सगळं ठीक असेल तर दार लावा. किल्ली फिरवताना शेवटी थोडा जोर लागला पाहिजे, कारण जीभ दार आत ओढून रबरी पट्टी दाबते. अजिबात जोर लागला नाही तर दार खडखडेल, फार लागला तर किल्ली पिळवटेल. तपासायला कागदाची पट्टी दार आणि रबराच्या मध्ये धरून दार लावा आणि कागद ओढा. अडून येत असेल तर बरोबर, सरकन निघाला तर दाब कमी आहे. कमी-जास्त करायला जीभ पकडीने वाकवू नका, ती तुटते. वेगळ्या दुमडीची जीभ घ्या, नाहीतर वॉशर घालून अंतर जुळवा. कागदाची परीक्षा चारही कडांवर घ्या. बिजागरीच्या कोपऱ्यात कागद निसटत असेल तर दोष कुलपाचा नाही, दारच वाकलेलं आहे.

नंतरची निगा

पहिल्या प्रवासानंतर सगळे स्क्रू एकदा तपासा. वंगण म्हणून कोरडं ग्रॅफाइट किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा फवारा वापरा. स्वयंपाकाचं किंवा शिवणयंत्राचं तेल नको, त्यावर रस्त्याची धूळ बसून लगदा होतो. ग्रॅफाइटवर नंतर तेल मारलंत तर तो लगदा आणखी वाईट. डब्ल्यूडी-४० हा फवारा अडकलेलं कुलूप सोडवायला ठीक, रोजचं वंगण म्हणून नाही. हिवाळ्यात मिनेसोटा किंवा ओंटारियोसारख्या ठिकाणी गाडी बाहेर उभी राहणार असेल तर किल्लीच्या भोकावर सरकती झाकणी असलेली कुलपंच घ्या. आत पाणी गोठलं तर किल्ली शिरतच नाही.

मुख्य दाराची कुलपं या कामात धरू नका. तिथे आतून आपत्काळात दार उघडण्याची सोय असते आणि तिची रचना वेगळी आहे. बदलायचंच असेल तर त्या दारासाठी बनवलेला पूर्ण संच घ्या, पाहिजे तर अंकांच्या बटणांचा.

जादा किल्ल्या तीन ठिकाणी ठेवा: एक रोजच्या जुडग्यात, एक ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत, एक घरी. ट्रेलरच्या चेसिसखाली चुंबकाच्या डबीत किल्ली लपवायचा सल्ला सर्रास मिळतो, पण ती जागा शोधणाऱ्यालाही ठाऊक असते. काढलेली जुनी कुलपं टाकून देऊ नका. त्यांच्या जिभा, नट आणि वॉशर अवजारांच्या पेटीत एका डबीत ठेवा, कारण दूरच्या मुक्कामी एखादी जीभ तुटली तर जवळच्या दुकानात त्याच लांबीची सापडेलच असं नाही.